राजाने धुवायचे पाय

राखेचा बुधवार

हेमिंगने माझ्या कपाळाला राख लावली आणि मी घरी येऊन ती धुऊन टाकली. पाप लागत असेल तर लागो. ती राख हेमिंगच्या बोटाने लागली होती, आणि ते बोट त्याआधी कुठे होतं ते मी पाहिलं होतं. माणूस बिशप झाला तरी नाक कोरायचं सोडत नाही.

सकाळी राजाने बोलावून घेतलं. पोपचा वकील, म्हणजे त्याचा दूत, ईस्टरच्या आधीच इथे येतोय आणि स्वर्गारोहणाच्या सणापर्यंत राहणार आहे. त्याची खात्री पटली की राजा टॉर्किल देवभीरू आहे, तर राजाच्या हयातीतच राजपुत्राला अभिषेक होईल. नाही पटली तर राजा मरेपर्यंत सगळे सरदार भाले घासत बसतील. म्हणून माझ्या गळ्यात दोन कामं पडली आहेत. पवित्र सप्ताहाच्या आत राजाचं चरित्र लिहून पुरं करायचं. आणि येशूने शिष्यांचे धुतले म्हणून पवित्र गुरुवारी राजा ज्या बारा गरिबांचे पाय धुतो, ते गरीब या वर्षी पारखून घ्यायचे.

सव्वीस वर्षं मी या राजवाड्याचा दानाधिकारी आहे, म्हणजे सव्वीस वर्षं मी पाय धुतो आहे. राजा धुतो असं लोकांना वाटतं. राजापुढे येण्याआधी प्रत्येक पाय मी तीनदा धुतलेला असतो. मंगळवारी राखेच्या पाण्याने, बुधवारी साबणाने, गुरुवारी सकाळी सुवासिक पाल्याच्या पाण्याने. मग राजा चांदीच्या तस्तातले चार थेंब उडवतो, पायावर आपला अंगठा टेकतो आणि वाकून आपल्याच अंगठ्याचं चुंबन घेतो. बायका हुंदके देतात. मला ओकारी येते.

चरित्राची बिघडलेली कातड्याची पानं मी फेकत नाही. मागच्या बाजूला हे लिहितो. एकाच वासराचं कातडं, पुढून राजा पुण्यवान, मागून मी खरा.

उपवासकाळातला पहिला शनिवार

पहिलं प्रकरण संपवलं. राज्यारोहण. स्कालो बंदर राजाने ‘शांत केलं’ असं लिहिलं. आता तिथे खरंच शांतता आहे, कोंबडासुद्धा आरवत नाही. चार चर्चं बांधली, तेही लिहिलं. दगड कुठल्या गावच्या पाडलेल्या घरांचे होते ते लिहिलं नाही.

दुपारी एका ओळीपाशी अडकलो. ‘राजाचा थोरला सावत्र भाऊ इंगवार याला त्याच वर्षी ज्वराने देवाज्ञा झाली.’ ओळ सुंदर उतरली आहे, अक्षर मोत्यासारखं. तरी तीनदा पुसून पुन्हा लिहिली.

खरं सांगायचं तर इंगवारने आमच्या चर्चच्या दाराचं लोखंडी कडं धरलं होतं. ज्याने ते कडं धरलं त्याला चर्चमध्ये चाळीस दिवस कोणी हात लावायचा नाही. चाळिसाव्या दिवशी त्याने अनवाणी, हातात लाकडी क्रूस घेऊन बंदराची वाट धरायची आणि देश सोडायचा. वाटेवरून पाय ढळला तर मात्र तो कुणाच्याही हातचा. इंगवारचा अडतिसावा दिवस होता. राजाने आपला हातमोजा पाठवला. राजाचा हातमोजा म्हणजे राजाचा शब्द. इंगवार बाहेर आला, आणि त्याच संध्याकाळी त्याचे डोळे काढले. पुढे उत्तरेच्या कुठल्याशा मठात तो वारला असं जाहीर झालं.

हातमोजा मी नेला होता. बावीस वर्षांचा होतो. नेला म्हणजे काय, दिला तो पोचवला. हातमोजा आतून रिकामाच असतो.

उपवासकाळातला तिसरा सोमवार

राजाचा पाय सुजला आहे. वैद्य हात लावायला घाबरतो, म्हणून मलाच शेक द्यावा लागतो. पाय जांभळा झालाय आणि जुन्या चीजसारखा वास येतो. दुसरं आणि तिसरं बोट नखापर्यंत एकमेकांना चिकटलेली, बदकाच्या पंजासारखी. हा त्यांच्या घराण्याचा वारसा आहे. बापाचीही तशीच होती.

राजा म्हणाला, “एब्बे, माझ्या पायाला वास येतो का रे?”

“नाही, महाराज.”

“खोटारडा. म्हणून तर चरित्र तुला लिहायला दिलं.” आणि खो खो हसला. मग आपल्या पायाकडे बघू लागला. “माझ्या मुलाची बोटं सुटी आहेत. बघितलंस? बरं झालं. त्याच्यावर काही आलं नाही.”

मी घरी जाऊन कोपरापर्यंत हात धुतले.

उपवासकाळातला पाचवा गुरुवार

आज गरीब निवडले. न्हाणीघराच्या अंगणात साठ-सत्तर जण जमले होते. गुन्वर माझ्या बरोबर होती. ती विधवा राजवाड्याचं पाणी तापवते, मी इथे आलो तेव्हाही तापवत होती. तोंड असं की उकळत्या पाण्याला चटका बसावा.

मी नाकाला फडकं लावलं तर म्हणते, “फादर, नाक बंद करून गरिबी कशी ओळखणार?”

“ओळखायची नाही मला. बारा मोजायचे आहेत.”

“मग माझ्यापासून धरा.”

पहिला आला तो पेडर, एका पायाचा, कुबडीवर. “मला घ्या, फादर. एकच पाय. तुमचं काम निम्मं.”

“दुसरा कुठाय?”

“स्कालोला राहिला. राजासाठीच दिला. राजाला म्हणावं, तोही धुवायचा असेल तर तिकडे जाऊन शोध.”

सगळे फिदीफिदी हसले. त्याच्या तोंडाला कांद्याचा आणि शिळ्या बियरचा भपकारा. तरी घेतला, कारण एक पाय वकिलाला हलवून सोडेल. अकरा जण असेच घेतले, सगळे बघण्याजोगे भिकार. बारावा मिळेना. कुणाला जखमा फार, कुणाच्या अंगावर उवा फार.

मग भिंतीकडेला एक आंधळा म्हातारा दिसला. उंच, ताठ, अंगाला फक्त पिठाचा वास. मी “ए, तू, इकडे ये” म्हणताच त्याची मान झटक्यात माझ्याकडे वळली. आंधळ्यांचे कान तिखट असतात. तो जागचा हलला नाही, नुसता ऐकत राहिला. मी पुन्हा हाक मारली तेव्हा आला.

“नाव?”

“उल्फ म्हणा.”

“काम काय करतोस?”

“जातं ओढत होतो. उत्तरेला, मठात.” मग थोडा थांबून म्हणाला, “आवाज थकला तुमचा, फादर.”

आगाऊ आहे. पण वकिलापुढे आंधळा शोभून दिसेल. पायांना चिंध्या गुंडाळलेल्या होत्या, त्या सोडून बघायचा मला धीर झाला नाही. बारा झाले. सगळ्यांना चर्चशेजारच्या धर्मशाळेत ठेवलं आहे.

पवित्र सप्ताह, मंगळवार

शाई सांडली.

पहिली धुलाई होती. पेडरच्या बोटांतून काय काय निघालं ते इथे लिहीत नाही, हे कातडं बिचाऱ्या वासराचं आहे. अकरा जण उरकले. आंधळ्याच्या चिंध्या सोडल्या. डावा पाय राखेच्या पाण्यात बुडवला, चोळला, वर काढला.

दुसरं आणि तिसरं बोट नखापर्यंत जोडलेली होती. उजव्या पायाचीही तीच गत.

मी वर बघितलं. डोळ्यांच्या जागी दोन सुरकुतलेल्या खोबणी. एकतीस वर्षं मी ज्याला ज्वराने मारतो आहे तो माणूस माझ्या हातात पाय देऊन बसला होता. गुन्वरने हातातलं ओलं फडकं त्या पायावर टाकलं आणि ओरडली, “पाणी निवलं, फादर! सरका, मी बघते.”

म्हणजे तिलाही कळलं.

राजाला कळलं तर हा माणूस रात्र बघणार नाही. थोरला भाऊ जिवंत असताना धाकट्याच्या मुलाला पोप कशाला अभिषेक करू देईल? आणि याला शोधून, धुऊन, राजापुढे बसवणारा कोण, असं विचारलं तर बोट माझ्याकडे येतं. खाई त्याला खवखवे म्हणतात. मी तर काही खाल्लंही नाही.

एक बरं आहे. त्याने मला ओळखलेलं नाही.

बुधवार

साबणाची धुलाई झाल्यावर त्याला बाजूला घेतलं. म्हटलं, “तुमचं नाव वगळतोय. भाकरी मिळेल, कांबळं मिळेल. उद्या बसायचं नाही.”

“का? पाय पसंत पडले नाहीत?”

“तुम्ही कशाला आलात इथे? सूड घ्यायला?”

तो हसला. दात अजून चांगले आहेत. “आंधळ्याच्या हाती सुरी दिली तर तो स्वतःचंच बोट कापेल. ऐकलं की राजा वर्षातून एकदा गरिबांचे पाय धुतो. म्हटलं, आपणही गरीबच. त्याने एकदा माझ्यापुढे गुडघे टेकावेत. बाकी काही नको मला.”

“आणि त्याने ओळखलं तर?”

“तर त्याला ठरवू दे.” मग म्हणाला, “तुम्ही होतात का हो इथे त्या वेळी?”

“मी... लहान होतो.”

“हो. आवाज लहानच होता.”

या बोलण्याचा अर्थ मला लागला नाही. वयामुळे बरळत असावा.

सल्ला घ्यावा म्हणून हेमिंगकडे गेलो. आम्ही एकाच मठात एकाच बाकावर शिकलो. हेमिंग उपवासाचं जेवत होता, म्हणजे बीव्हरचं शेपूट. जे पाण्यात राहतं तो मासा, आणि मासा उपवासाला चालतो, असा त्याचा शोध आहे. चरबी हनुवटीवरून ओघळत होती. मी आडून विचारलं, की समजा, एखादा मेलेला माणूस परत आला तर?

तो बोटं चाटत म्हणाला, “मेलेल्याला पाय नसतात, एब्बे. ज्याला पाय आहेत त्याला मेलेला करता येतो. नाव सांग, तुला काही करावं लागणार नाही.”

मी नाव सांगितलं नाही. चांगुलपणा म्हणून नव्हे. त्याचं बोट पुन्हा नाकाकडे निघालं होतं आणि मला तिथून उठायचं होतं.

गुन्वरला सांगितलं की बारावा बदलायचा.

“का बरं?” ती म्हणाली. “एकदा बाहेर काढलंत तेवढ्याने पोट नाही भरलं?”

“मी फक्त हातमोजा नेला होता.”

“हो ना. आणि मी फक्त खोली धुतली होती.”

एवढं बोलून ती चुलीत लाकडं सारायला लागली. न्हाणीघराखाली मोरीची खोली आहे, तिची मोरी समुद्रात उघडते. तिथेच ते झालं होतं. दुसऱ्या दिवशी ती कोणी धुतली असेल, हा विचार माझ्या मनात एकतीस वर्षांत आला नाही.

बारावा मी बदलला नाही. वेळच उरला नव्हता.

पवित्र गुरुवार

चर्च गच्च भरलेलं. वकील पुढे बसला होता, बारीकसा इटालियन, थंडीने नाक लाल झालेला. बारा जण बाकावर. मी तस्त धरून राजाच्या मागे.

पेडरपाशी राजाने चार थेंब उडवले, अंगठा टेकला, अंगठा चाटल्यासारखं केलं. पेडर मोठ्याने म्हणाला, “दुसऱ्याचं राहू दे, महाराज, तो घरी नाही.” लोक हसले, वकीलही हसला. राजा खूश झाला. दुसरा, तिसरा, चौथा. दर वेळी उठताना राजा माझ्या खांद्यावर भार द्यायचा आणि त्याच्या घामाचा वास माझ्या नाकात भरायचा.

मग तो बाराव्यापुढे बसला. पाय हातात घेतला. अंगठा टेकायला गेला आणि थांबला.

किती वेळ थांबला सांगता येत नाही. तस्तातलं पाणी हलत होतं, कारण मी हलत होतो. राजाने एका बोटाने ती दोन जोडलेली बोटं चाचपली, जसं आपण स्वतःचा पाय चाचपतो. मग इतक्या हळू म्हणाला की फक्त मला ऐकू गेलं, “दादा?”

म्हाताऱ्याने मान खाली केली. “पाणी गार आहे, टॉर्किल.”

आणि राजाने अंगठा काढला. ओठ पायावर टेकवले. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा खरंखुरं चुंबन. कितीतरी वेळ वर उठलाच नाही. पाठ हलत होती. चर्चमध्ये रडारड सुरू झाली, वकिलाने छातीवर क्रुसाची खूण केली आणि शेजारच्या हेमिंगला म्हणाला, “हा राजा संत आहे.” मी माझ्या कानांनी ऐकलं.

संध्याकाळी राजाने खोलीत बोलावलं. एकटाच होता. रडून तोंड सुजलं होतं, नाक गळत होतं. खोटं रडणाऱ्याचं नाक गळत नाही, म्हणून मी इथे लिहून ठेवतो की राजाचं मन पालटलं.

“माझा दादा आहे तो, एब्बे. माझ्या घरात राहील. ऊब, भाकरी, दारू. केसालाही धक्का लागणार नाही. वकिलाला कळता कामा नये, शोभा होईल. रविवारी पहाटे, सगळे चर्चमध्ये मिसाच्या प्रार्थनेला गेले की घेऊन ये.” आणि त्याने हातमोजा काढून माझ्या हातात दिला. आतून घामाने ओला.

ऊब, भाकरी, दारू, केसालाही धक्का लागणार नाही. एकतीस वर्षांपूर्वी हेच म्हणाला होता, याच क्रमाने. माणसाला सवय असते बोलायची. मला विश्वास ठेवावासा वाटतो.

शुक्रवार

आज येशू मेला. दिवसभर काही खाल्लं नाही. हातमोजा पेटीत ठेवला आहे, तरी खोलीभर त्याचा वास येतो.

तिन्हीसांजेला गुन्वर आली. दारातच उभी राहिली. “मोरीची खोली धुऊन ठेवायला सांगितलंय. रविवारच्या आत. शेगडीही खाली न्यायला सांगितलीय.”

“ऊब हवी म्हणून असेल. म्हातारा माणूस आहे.”

ती माझ्याकडे बघत राहिली. “फादर, पाहुण्यासाठी कोणी मोरीची खोली धुतं का?”

मी म्हटलं, मला काय ठाऊक.

“तुम्हाला सगळं ठाऊक असतं. ठाऊक असून हात धुता.”

गेली. मी खरंच हात धुवायला उठलो होतो. घागरीपाशी तसाच उभा राहिलो. स्वतःची इतकी किळस मला पूर्वी आलेली आठवत नाही, आणि मला किळस काही कमी येत नाही.

पवित्र शनिवार

धर्मशाळेत गेलो. तो एकटाच चुलीजवळ होता. मी हातमोजा त्याच्या मांडीवर ठेवला आणि राजाचा निरोप सांगितला. ऊब, भाकरी, दारू. माझाच आवाज मला ऐकू येत होता.

त्याने हातमोजा उचलला, नाकाशी नेला. “नवा आहे. मागचा हरणाच्या कातड्याचा होता. मऊ. मी गालाला लावून बघितला होता.”

मी चुलीतला विस्तव सारखा केला.

“त्याने गुडघे टेकले. माझं काम झालं. आता तू सांग, येऊ का?”

“मी कोण सांगणार? राजाचा शब्द—”

“राजाचा शब्द तेव्हाही होता. त्याच्यावर कोण विश्वास ठेवत होतं? मी अडतीस दिवस त्याला ओळखूनच बसलो होतो. तू आलास. म्हणालास, ‘या, काही होणार नाही.’ इतका स्वच्छ आवाज होता तुझा. मी त्या आवाजावर बाहेर आलो, एब्बे.”

अंगणात “ए, तू” म्हटलं होतं, तेव्हापासून त्याला माहीत होतं. आणि तरी त्याने तीन दिवस माझ्या हातात पाय दिले.

“तेव्हा सांगितलंस तसं आताही सांग,” तो म्हणाला. “एवढंच ऐकायचंय.”

राजाला काय उत्तर द्यायचं, माझी खोली, माझी घागर, माझं स्वच्छ अंथरूण, सगळं डोळ्यांपुढून गेलं. ते लपवून काय करू?

“येऊ नका,” मी म्हणालो.

“मोठ्याने बोल. कान म्हातारे झाले.”

“येऊ नका! खाली मोरीची खोली धुतलीय. शेगडी नेलीय.”

त्याने हातमोजा खाली ठेवला. मग माझा हात शोधून धरला. मला कोणी हात धरलेला सहन होत नाही. त्याने धरला.

गुन्वरचा दीर हेरिंगच्या होडीवर असतो. दुपारच्या भरतीला होडी सुटली. माशांच्या टोपल्यांमध्ये एक आंधळा बसला तर कोण बघतं?

ईस्टर

पहाटे हातमोजा घेऊन राजाकडे गेलो आणि म्हणालो, तो गेला. कुठे ते माहीत नाही.

राजा रडला नाही. फक्त म्हणाला, “तू मला खोटारडा म्हणून आवडायचास.” आणि टाळी वाजवली. शिपाई जिना चढेपर्यंत मी मागच्या दाराने उतरलो. त्रेपन्न वर्षांचा माणूस पाद्र्याचा पायघोळ झगा गुडघ्यापर्यंत उचलून पळतो आहे, आणि लोक ईस्टरच्या मिसाला निघालेले! चर्चच्या दाराशी घसरलो, आणि पडता पडता कडं धरलं. ते कडं थंडगार आणि हजारो हातांनी चिकट झालेलं होतं.

वकील समोरच होता. त्याच्यादेखत कोणी मला ओढू शकलं नाही. चाळीस दिवस.

नववा दिवस

चर्चच्या कोपऱ्यात पेंढ्यावर झोपतो. पाणी फक्त प्यायला मिळतं. अंगाला वास येऊ लागला आहे. पहिल्यांदा वाटलं पेंढ्यात उंदीर मेलाय. शोधला. मीच होतो.

पेडर भाकरी आणून देतो. काखेत धरून आणतो, कारण एका हातात कुबडी असते. मी ती काखेतली भाकरी खातो.

अडतिसावा दिवस

हेमिंग आला. हातात राजाचा हातमोजा.

“एब्बे, काय ही दशा! महाराजांनी माफ केलंय. वकील परवा अभिषेक उरकून जाणार, सगळं गोड व्हावं अशी इच्छा आहे. चल. तुझी खोली तशीच आहे. गरम पाणी काढलंय तुझ्यासाठी, मोठा टब भरून. धुतलेला सदरा. केसालाही धक्का लागणार नाही.”

गरम पाणी ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हे मी लपवत नाही. माझा पाय उंबऱ्याकडे गेला. खरंच गेला. मी जाणून होतो की ते पाणी कुठल्या मोरीतून वाहणार आहे, आणि तरी पाय निघाला.

“हेमिंग,” मी विचारलं, “तुला स्वतःला काय वाटतं? येऊ का?”

त्याचं बोट नाकाकडे गेलं. “मी फक्त हातमोजा आणलाय,” तो म्हणाला.

मी परत पेंढ्यावर येऊन बसलो. मग उठून, गुन्वरने खोलीतून आणून दिलेली चरित्राची प्रत काढली आणि ज्वराची ओळ चाकूने खरवडली. खरवडता खरवडता कातड्याला भोक पडलं. तसंच ठेवलं.

स्वर्गारोहणाचा सण, चाळिसावा दिवस

निघायला थोडाच वेळ आहे. हातात दोन फळ्यांचा क्रूस दिलाय. काल वाळूत सहा घोडेस्वार उभे केलेत, बंदराच्या वाटेच्या दोन्ही अंगांना. एक धक्का पुरे, वाटेवरून पाय ढळला की मी त्यांचा. पलीकडे होडी आहे.

गुन्वर पहाटे बादली घेऊन आली. वाफा येत होत्या. माझ्यापुढे बसली आणि पाय ओढून घेतला.

“नको,” मी म्हणालो. “घाण आहेत गं. चाळीस दिवसांचे.”

“पायच ते.”

“आणि आता चिखलातूनच जायचंय. धुऊन काय उपयोग?”

“एकदाच धुणार आहे. तीनदा नाही.” तिने बोटांच्या बेचक्यांतून बोट फिरवलं, जसं मी फिरवायचो, पण तोंड न फिरवता. “आणि ती खोली मी परत धुतली नाही, फादर. सांगून टाकलं, कंबर धरलीय. दुसरी बाई बघा म्हटलं.”

मी रडलो. पाणी काळं झालं होतं, तरी तिने ते ओतलं नाही, तसंच माझ्या टाचेखाली धरून राहिली.

“घोडेस्वारांचं काय?” मी विचारलं.

“वाट सोडायची नाही एवढंच ना? पेडर आणि ते दहा जण येताहेत. अर्धे या बाजूला, अर्धे त्या बाजूला, तुम्हाला चिकटून. आज राजपुत्राचा अभिषेक, वकिलाच्या डोळ्यांदेखत भिकाऱ्यांवर घोडा घालायची कुणाची छाती आहे? तुम्ही खाली बघून चाला.”

दार अजून बंद आहे. पण ते जमले आहेत, मला कळतंय. कांदा, शिळी बियर, ओली लोकर, पेडरचा तो पाय. दाराच्या फटीतून भपकारा आत येतोय. मी मान खाली घालून चालणार आहे, त्यामुळे मला काही दिसणार नाही. बंदरापर्यंत हा वास दोन्ही बाजूंनी येत राहिला पाहिजे.